खोक्यातली वाइन घ्यावी का? पुण्यातल्या नवख्यांसाठी

खोक्यातली वाइन म्हणजे हलक्या दर्जाची वाइन, हा समज आपल्याकडे पक्का आहे. त्याला कारणही आहे. चांगली वस्तू काचेत येते आणि पुठ्ठ्यात येतो तो ज्यूस, हे लहानपणापासून बघितलेलं. निपाणी-बेळगावकडे गाडीने गेलेल्यांनी कर्नाटकातल्या स्वस्त दारूचे टेट्रापॅकही पाहिलेले असतात. त्यामुळे कुणी तीन लिटरचं खोकं टेबलावर ठेवलं की मंडळी एकमेकांकडे बघतात.

माझं मत विचाराल तर खोकं हा वाइनच्या दर्जाचा पुरावा नाही, ना चांगल्या ना वाईट. प्रश्न खोक्याच्या वयाचा आणि त्याला लागलेल्या उन्हाचा असतो. त्यानंतरचा प्रश्न तुमच्या पिण्याच्या वेगाचा. एवढं समजलं की घ्यायची की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

पहिली पायरी: आत काय असतं ते समजून घ्या

पुठ्ठा फक्त आधाराला असतो. वाइन असते आतल्या पिशवीत. ही पिशवी अनेक थरांच्या प्लास्टिकची. वाइनला लागतो तो थर पॉलिथिनचा, आणि हवा अडवण्यासाठी धातूचा मुलामा दिलेला किंवा त्याच कामाचा दुसरा एक थर. खाली एक तोटी, जिच्यातून वाइन बाहेर येते पण हवा आत जात नाही. वाइन काढत जाल तशी पिशवी सलाईनच्या पिशवीसारखी चपटी होत जाते. सगळी गंमत इथे आहे.

बाटली उघडली की काय होतं ते आठवा. दोन ग्लास ओतले की तेवढी हवा आत शिरते. हवेतला ऑक्सिजन आधी वाइनचा फळांचा वास मारतो, मग ती सपक लागते, आणि पुढे जिवाणूंना संधी मिळाली की व्हिनेगरकडे वाटचाल सुरू. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन ते पाच दिवसांपलीकडे नेऊ नये. खोक्यातली वाइन मात्र पहिला ग्लास काढल्यानंतरही चार ते सहा आठवडे बरी राहते, कारण आत हवेला जागाच नाही.

ही कल्पना ऑस्ट्रेलियातली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रेनमार्क गावचे वाइन उत्पादक थॉमस अँगोव्ह यांनी १९६५ मध्ये पुठ्ठ्यातल्या पिशवीचं पेटंट घेतलं. तेव्हा तोटी नव्हती. पिशवीचा कोपरा कापायचा, ओतायचं आणि चिमटा लावून बंद करायचं. दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, चार्ल्स माल्पास आणि पेनफोल्ड्स कंपनी यांनी हवाबंद तोटी आणली आणि मग ही वस्तू खऱ्या अर्थाने कामाची झाली. आज स्वीडनमध्ये विकल्या जाणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून जास्त खोक्यातून जाते, तीही सरकारी दुकानांतून. तिथले लोक काही वाइनच्या बाबतीत अडाणी नाहीत.

आता दुसरी बाजू. काच हवेला पूर्ण अडवते, प्लास्टिक नाही. पिशवीतून ऑक्सिजन अगदी सावकाश पण सतत झिरपतो. त्यामुळे न उघडलेलं खोकंसुद्धा भरल्यापासून साधारण सहा ते बारा महिन्यांत संपवायचं असतं. 'ठेवली की मुरते' हा नियम इथे लागू नाही. तसा तो बाजारातल्या बहुतेक बाटल्यांनाही लागू नाही. वर्षानुवर्षं ठेवून सुधारणाऱ्या वाइन थोड्याच असतात आणि त्या खोक्यात भरत नाहीत. खोक्यात येते ती रोजच्या पिण्याची, ताजी संपवायची वाइन. तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवायची.

दुसरी पायरी: आपला वेग मोजा

तीन लिटरचं खोकं म्हणजे ७५० मिलीच्या चार बाटल्या. दीडशे मिलीचा ग्लास धरला तर वीस ग्लास. घरात दोघं पिणारे, आठवड्यातून दोन संध्याकाळी एकेक ग्लास, असा हिशेब असेल तर पाच आठवडे. म्हणजे अगदी बेतात बसलं. एकटा माणूस पंधरवड्यातून एकदा पिणार असेल तर खोकं अर्ध्यावर यायच्या आत वाइन उतरलेली असेल; त्याने बाटलीच घ्यावी, किंवा ३७५ मिलीची अर्धी बाटली. सोसायटीच्या गच्चीवर पंधराजणं जमणार असतील तर मात्र खोक्यासारखी सोय नाही. कॉर्क काढायला कोणी खोळंबत नाही, काच फुटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या नजरेसमोरून रिकाम्या बाटल्यांची पिशवी खाली न्यावी लागत नाही.

खोक्याचा एक खरा तोटा कोणी सांगत नाही: आत किती उरलंय ते दिसत नाही. बाटली अर्धी झाली की हात आपोआप थांबतो. तोटी दाबली की येतच राहते. म्हणून ग्लासात एकदा दीडशे मिली पाणी मोजून ओता आणि ते कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा. मोठ्या पोटाच्या वाइन ग्लासात दीडशे मिली केविलवाणं दिसतं, त्यामुळे अंदाजाने ओतणारा हमखास जास्त ओततो. वाइनमध्ये साधारण अकरा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं, ती सरबतासारखी प्यायची वस्तू नाही. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. 'हृदयाला चांगली' म्हणून कोणी सुरू करत असेल तर त्यासाठी नका करू. आणि गच्चीवरून उतरून गाडी चालवायची नाही. रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम आहे, आणि शनिवारी रात्री पुण्यात नाकाबंदी कुठे असेल याचा भरवसा नाही.

तिसरी पायरी: पहिली खरेदी खोक्याची नको

हे ऐकून नवल वाटेल, पण वाइन अजून फारशी प्यायलीच नसेल तर तीन लिटरने सुरुवात करू नका. आवडली नाही तर वीस ग्लासांचं काय करणार? आपल्याकडे अनेकांची ओळख गोव्याहून आणलेल्या गोड पोर्टपासून झालेली असते. त्या जिभेला पहिल्यांदा कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड दिली की 'ही तर तुरट आहे' अशी तक्रार येते, आणि ती रास्त आहे. रेड वाइनमधला तुरटपणा द्राक्षांच्या सालीतून आणि बियांतून येतो. त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

आधी अर्ध्या बाटल्या किंवा कॅन घ्या. सुलाची डिया आणि फ्रातेल्लीची टिल्ट कॅनमध्ये मिळतात. सुलाचं नाशिक सगळ्यांना ठाऊक असतं, फ्रातेल्लीचे मळे सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे आहेत. आपला जिल्हाही यात मागे नव्हता: १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी शॅतो इंडाज उभी केली, तिथली फेसाळ वाइन 'ओमर खय्याम' नावाने परदेशात जायची. पुढे ती कंपनी डबघाईला आली, ती गोष्ट वेगळी.

सुरुवातीला शेनिन ब्लाँ घ्या. पांढरी, फळांच्या वासाची, बऱ्याचदा किंचित गोडसर. मग सोव्हिन्यों ब्लाँ, तीही पांढरी, मग शिराझ, ही रेड. ही सगळी द्राक्षांच्या जातींची नावं. आपल्याला कुठली द्राक्षं रुचतात हे कळलं की त्याच जातीचं खोकं शोधा. नुसतं 'रेड' किंवा 'व्हाइट' लिहिलेलं, द्राक्षाचं नावच नसलेलं खोकं मी घेत नाही.

चौथी पायरी: दुकानात

पुण्यात अजून बाटलीचंच राज्य आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात खोकं मागितलंत तर मालक तुमच्याकडे टेट्रापॅकवाला गिऱ्हाईक म्हणून बघेल. मोठ्या दुकानांत, ज्यांच्याकडे वाइनसाठी वेगळं थंड कपाट आहे, तिथे आधी फोन करून विचारावं. सुपरमार्केटात शोधू नका. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने तिथे वाइन विकायला मान्यता दिली होती, पण मोठा वाद झाला आणि ते प्रत्यक्षात आलं नाही. महाराष्ट्रात वाइन घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. गांधी जयंतीला आणि अनंत चतुर्दशीला दुकानं बंद असतात, तेव्हा आदल्या दिवशीची गर्दी टाळायची तर आणखी एक दिवस आधी जा.

परदेशी खोकी इथे कमी का दिसतात? वाइनवरची आयात ड्युटी हे एक मोठं कारण, ती वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलेली आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २०२२ च्या डिसेंबरअखेर लागू झाला आणि तिथल्या वाइनला सवलत मिळाली, पण ७५० मिलीला निदान पाच डॉलर किंमत असेल तरच. खोक्यातली स्वस्त वाइन त्या रेषेच्या खाली राहते, म्हणजे ज्या देशाने खोकं शोधलं त्याच देशाच्या खोक्याला सवलत नाही.

खोकं हातात आलं की आधी तारीख बघा. भरल्याची तारीख किंवा 'अमुक महिन्यापर्यंत उत्तम' असं कुठेतरी तळाला, नाहीतर बाजूच्या पट्टीवर छापलेलं असतं. भरून सहा महिने झाले असतील तर चालेल, वर्ष होत आलं असेल तर स्वस्तात मिळत असलं तरी सोडून द्या. तारीख सापडतच नसेल तर घेऊ नका. मग ते खोकं दुकानात कुठे ठेवलं होतं ते बघा. शटरशेजारी, दुपारचं ऊन येतं अशा जागी असेल तर नको. उष्णतेने वाइन तर शिजतेच, वर पिशवीतून ऑक्सिजन झिरपण्याचा वेगही वाढतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे उन्हाळ्यानंतर, जून-जुलैत जुनं खोकं घेताना जास्त चौकशी करा. खोकं फुगलेलं, कोपरा ओला किंवा डागाळलेला असेल तर परत ठेवा.

किंमतीचा हिशेब उभ्या उभ्या होतो. खोक्याची किंमत भागिले लिटर, बाटलीची किंमत भागिले पाऊण. लिटरमागे वीस-पंचवीस टक्के तरी वाचत नसतील तर मी बाटलीच घेतो. खोक्याची बचत मुळात काचेतून आणि वाहतुकीतून येते. चार बाटल्यांची नुसती काच दोन किलोच्या आसपास भरते, पिशवी आणि पुठ्ठा मिळून त्याच्या जवळपासही जात नाहीत. ती बचत गिऱ्हाइकापर्यंत पोचत नसेल तर खोकं घेण्यात काय हशील?

परदेशातून कोणी आणणार असेल तर

पुण्यात बरीच खोकी याच मार्गाने येतात, आणि इथेच घोटाळा होतो. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दारू, वाइन, बिअर मिळून दोन लिटरपर्यंतच ड्युटी माफ असते. खोकं असतं तीन लिटरचं. वरच्या एका लिटरवर कस्टम ड्युटी भरावी लागते आणि सगळी स्वस्ताई तिथेच संपते. मेहुण्याला किंवा मुलीला आधीच सांगून ठेवा: दीड किंवा दोन लिटरचं खोकं बघ. ऑस्ट्रेलियात दोन लिटरचं सहज मिळतं. आणि त्यासोबत व्हिस्कीची बाटली आणू नकोस, मर्यादा सगळ्याची मिळून आहे.

विमानात ते चेक-इन बॅगेतच जाणार. तोटीच्या जागेवर पुठ्ठ्यावरून चिकटपट्टी लावायची, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि कपड्यांच्या मधोमध ठेवायचं. पांढरी वाइन आणायला सांगा. समजा गळलीच, तर निदान शर्ट वाचतील.

पाचवी पायरी: उघडणं आणि ठेवणं

पुढच्या बाजूला खाली पुठ्ठ्यावर टिंबाटिंबांची अर्धगोल रेघ असते. ती अंगठ्याने आत दाबा, सुरी लावू नका, आत पिशवी आहे. भोकात दोन बोटं घालून तोटी चाचपा, ती बहुधा कोपऱ्यात वळलेली असते. तिला बाहेर ओढून तिच्या मानेवरची खाच पुठ्ठ्याच्या कडेत बसवा, 'टक्' असा आवाज होतो. नीट बसली नाही तर दर वेळी दाबताना ती आत जाते आणि माणूस वैतागतो. मग तोटीवरची सीलपट्टी काढा. खोकं ओट्याच्या अगदी कडेला आणा, म्हणजे ग्लास खाली धरता येतो. पहिली धार थोडी फसफसत येते, तेवढं चालतं.

शेवटचे दोन-तीन ग्लास तोटीतून येत नाहीत. तेव्हा पुठ्ठा फाडून पिशवी बाहेर काढा, वरून खाली हाताने दाबत आणा. पाहुण्यांसमोर हे करायचं नसेल तर आधीच स्वयंपाकघरात जगमध्ये काढून ठेवा.

ठेवायला जागा फ्रिजच. रेड असली तरी. आपल्या फ्लॅटमध्ये जास्तीच्या वस्तू माळ्यावर जातात, आणि छताखालचा माळा ही उन्हाळ्यात घरातली सगळ्यात तापणारी जागा. तिथे वाइन ठेवणं म्हणजे तिला निरोप देणं. न उघडलेलं खोकं ठेवायचंच असेल तर कपाटाचा तळाचा कप्पा, भिंतीला ऊन न लागणाऱ्या खोलीतला. उघडल्याची तारीख पेनाने खोक्यावर लिहा. पाच आठवड्यांनी ती तारीखच उपयोगी पडते, आठवण नाही.

बिघडल्याची खूण नाकाला आधी कळते. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणाचा वास, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास, पांढरी वाइन तपकिरीकडे झुकलेली. नुसती सपक झाली असेल तर मटण मुरवताना किंवा तिसऱ्यांच्या रश्श्यात वापरता येते. व्हिनेगर झालेली ओतून द्या.

सहावी पायरी: किती थंड, कशाबरोबर

'रेड वाइन रूम टेम्परेचरला' हे वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं घेऊ नये. त्यातली खोली युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. मे महिन्यात कोथरूडमधल्या हॉलचं तापमान धरलंत तर ग्लासातून नुसती दारूच नाकात जाईल. फ्रिजमधून काढलेली रेड पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवली की नेमकी होते. पांढरी आणि रोझे (गुलाबी वाइन) आठ-दहा अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढून लगेच. खोक्यातल्या साध्या वाइनचे बरेच दोष थंडपणात झाकले जातात, म्हणून नवख्याने पांढरी किंवा रोझे घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

जेवणाचं म्हणाल तर तिखट आणि तुरट रेड यांचं जमत नाही. अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं आणि रेडचा तुरटपणा त्यात भर घालतो. मिसळीबरोबर शिराझ ही शिक्षा आहे. मिसळीला मुळात ताकच बरं. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, बोंबील किंवा सुरमई फ्राय, यांच्याबरोबर थंड शेनिन किंवा सोव्हिन्यों छान जाते, कारण तळणाला आंबटपणा हवाच असतो, आपण एरवी लिंबू पिळतोच की. बेताच्या तिखटाचं सुकं मटण असेल तर किंचित गार केलेली शिराझ. पुरणपोळीबरोबर कुठलीही नको.

सातवी पायरी: डोळे झाकून चव

एवढं वाचूनही 'पण खोकं ते खोकंच' असं वाटत असेल तर घरी एक प्रयोग करा. त्याच किंमतीची, म्हणजे लिटरमागे त्याच भावाची, त्याच द्राक्षाची बाटली आणा. एकाने आत जाऊन दोन्ही वाइन सारख्या ग्लासांत ओतायच्या, तळाला कागदाच्या चिठ्ठ्या लावायच्या. ग्लास काचेचे घ्या, स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. दोन्ही एकाच तापमानाच्या हव्यात, नाहीतर निकाल फ्रिजचा लागेल, वाइनचा नाही. आधी वास, मग घोट, मग प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचं. बोलत लिहिलं की घरातल्या सगळ्यात ठाम माणसाचं मत सगळ्यांचं होतं.

स्वस्त-मध्यम किंमतीत दोन्हींतला फरक ओळखणं जड जातं. वरच्या किंमतीत बाटली जिंकते, पण ते काचेमुळे नाही, तिथली वाइनच वेगळी असते. उघडून आठवडा झाल्यावर तोच प्रयोग पुन्हा करा, अर्धी उरलेली बाटली आणि ते खोकं. या वेळी चिठ्ठ्यांची गरजच पडणार नाही.

भेट द्यायला मात्र खोकं नेऊ नका. वाइन कितीही चांगली असो, यजमानाचा चेहरा आधी पुठ्ठा बघतो, आणि त्याला वाइनशास्त्र समजावत बसण्यापेक्षा एक साधी बाटली बरी.

संपल्यावर पुठ्ठा आणि पिशवी वेगळी करा. पिशवी पाण्याने विसळून वाळवा, वाइनचा थेंब राहिला तर दुसऱ्या दिवशी डबाभर चिलटं. पुठ्ठा रद्दीत जातो, पिशवी सुक्या कचऱ्यात 'स्वच्छ'च्या ताईंकडे द्यायची. अनेक थरांचं प्लास्टिक असल्याने त्या पिशवीला भंगारात किंमत नाही. बाटलीला भंगारवाला निदान हात तरी लावतो.